गुग्गुळ, बावची आणि पाषाणची प्रयोगशाळा

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून १९६६ साली ‘टेट्राहेड्रॉन लेटर्स’ या नियतकालिकात एक छोटं टिपण प्रसिद्ध झालं. बावचीच्या बियांतून काढलेल्या एका तेलकट पदार्थाची रचना त्यात दिली होती आणि त्याचं नाव ठेवलं होतं बाकुचिओल. सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्याच प्रयोगशाळेचा एक लेख ‘टेट्राहेड्रॉन’मध्ये आला. या वेळी विषय होता गुग्गुळ, आणि त्यात गुग्गुलस्टेरॉन ई आणि झेड अशी दोन स्टेरॉइडं होती. दोन्ही लेखांवर दोन नावं सामाईक होती, यू. आर. नायक आणि सुखदेव. बावचीच्या टिपणावर तिसरं नाव गोवर्धन मेहतांचं, गुग्गुळाच्या लेखावर व्ही. डी. पाटलांचं.

दोन्ही लेख निखळ सेंद्रिय रसायनशास्त्राचे. कार्बनला कार्बन कुठे जोडलाय, दुहेरी बंध कुठे आहे, ऑक्सिजन कुठल्या कोपऱ्यात आहे, एवढाच त्यांचा प्रश्न. पुढच्या पन्नास वर्षांत मात्र याच दोन रेणूंबद्दल अमेरिकेतल्या प्रयोगशाळा वेगळंच विचारू लागल्या: पेशीत शिरल्यावर हे रेणू कुठल्या जनुकांना जागं करतात आणि कुठल्यांना गप्प बसवतात? गुग्गुळाच्या बाबतीत तर सगळा क्रमच उलटा झाला. आधी रेणू सापडला, मग त्याचं औषध झालं, ते कसं चालत असावं हे त्यानंतर कळलं, आणि ते खरोखर चालतं का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला.

जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी या प्रयोगशाळेचं, म्हणजे ‘एनसीएल’चं, उद्घाटन झालं तेव्हा पाषाण हे पुण्याबाहेरचं गाव होतं. पहिले संचालक जेम्स मॅकबेन, साबणाच्या द्रावणांवर आयुष्य घालवलेले. दुसरे जॉर्ज फिंच. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी पाठीला लावून चढलेले तेच हे फिंच. १९५७ मध्ये के. व्यंकटरामन आले आणि प्रयोगशाळेला पहिला भारतीय संचालक मिळाला. रंगद्रव्यांच्या रसायनातला हा जगन्मान्य माणूस. त्यांच्या कारकिर्दीत, १९६० साली, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून सुखदेव पुण्यात आले आणि सेंद्रिय रसायन विभाग त्यांच्याकडे आला. जन्म १९२३ चा, चकवालचा. ते गाव आता पाकिस्तानात आहे. ते पुण्यात आल्याच्या पुढच्याच वर्षी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठचं पुणं चिखल उपसण्यात बुडालं. तिकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पेनिसिलिन बनवत होती. रसायनाच्या धंद्याचं शहर अशी पुण्याची ओळख तेव्हा नुकती कुठे तयार होत होती.

त्याच १९६० सालची जर्मनीतली एक घटना सांगायला हवी. रेशीमकिड्यांच्या पाचशे किलो कोशांतून जेमतेम पंचवीस मिलिग्रॅम एक्डायसोन काढण्याचा पराक्रम ब्युटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये केला होता. कीटकाला कात टाकायला लावणारं हे संप्रेरक. उल्रिख क्लेव्हर आणि पीटर कार्लसन यांनी ते कायरोनोमस या डासासारख्या माशीच्या अळीला टोचलं. या अळीच्या लाळग्रंथीत प्रचंड आकाराची गुणसूत्रं असतात, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतील इतकी मोठी. इंजेक्शननंतर थोड्याच वेळात त्या गुणसूत्रांवरच्या ठरावीक जागा फुगल्या. फुगणं म्हणजे त्या जागेवरचं जनुक उलगडून वाचलं जाऊ लागणं. एखादं रसायन बाहेरून येतं आणि थेट जनुकाला कामाला लावतं, याचा हा डोळ्यांना दिसलेला पहिला पुरावा. पुढे पाच वर्षांनी एक्डायसोनची रचना निश्चित झाली आणि तेही स्टेरॉइडच निघालं.

पाषाणला या गोष्टीचा वारा लागला असेल-नसेल, तिथल्या विभागाचं काम वेगळं होतं. चीड, देवदार, ऊद, राळ, बिया यांतून टर्पीन नावाची संयुगं वेगळी करायची आणि त्यांचे सांगाडे उलगडायचे, यात सुखदेवांचा हातखंडा होता. १९६४ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. काम चिकाटीचं होतं. काचेच्या उभ्या नळीत सिलिका जेल भरायचं, वरून अर्क सोडायचा, द्रावक ओतत राहायचं आणि खाली थेंबथेंब उतरणारं वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये धरायचं. एकजिनसी पदार्थ हाती आला की त्याचा इन्फ्रारेड वर्णपट काढायचा, एनएमआर काढायचा, रेणू मुद्दाम तोडून तुकडे ओळखायचे. आज जे काम विद्यार्थी दुपारच्या चहापर्यंत उरकतो त्यात तेव्हा वर्ष जायचं.

बावची तशी घरोघरी माहीत असलेली वनस्पती नाही, पण काष्ठौषधीच्या दुकानात तिच्या काळ्या, चपट्या बिया मिळतात. कोडावर तिचं तेल लावून उन्हात बसायला वैद्य सांगत. तिच्यातलं सोरॅलिन आधीच माहीत होतं, कोडावरच्या उपचाराचं श्रेयही त्यालाच जायचं. मेहता, नायक आणि सुखदेव यांना सापडलेला पदार्थ वेगळा होता. अर्धा रेणू फिनॉलचा आणि अर्धा टर्पीनचा, कार्बन अठरा, आणि मधल्या एका कार्बनाला चारही बाजूंनी कार्बनच चिकटलेले. निसर्गात असा सांगाडा क्वचित दिसतो, म्हणून टिपणाच्या शीर्षकातच त्याला नवलाईचा म्हटलं होतं. सविस्तर लेख आणि रेणूची त्रिमितीय मांडणी १९७३ पर्यंत पूर्ण झाली. मेहता तोवर पीएच.डी. होऊन बाहेर पडले होते. पुढे ते बंगळूरच्या त्याच इन्स्टिट्यूटचे संचालक झाले. बाकुचिओल मात्र कपाटात पडून राहिलं. चाळीस वर्षं त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

गुग्गुळाचं तसं नव्हतं. तो प्रत्येक घराच्या ओळखीचा. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा, वावडिंगांबरोबर धुरी द्यायला तोच, आणि आजोबांचे सांधे आखडले की योगराज गुग्गुळाच्या गोळ्यांतही तोच. कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या माळावरच्या काटेरी झुडपाला चीक येतो, तो वाळून पिवळसर-तपकिरी खडे होतात. वैद्य ते त्रिफळ्याच्या काढ्यात शुद्ध करतात, तुपाचा हात लावून खलबत्त्यात तासन् तास कुटतात. ग्रंथांत एक बारकावा आहे: ताजा गुग्गुळ अंगाला पुष्टी देतो, जुना मेद खरवडून काढतो. दोन्ही एकाच चिकाचे गुण, फरक फक्त वयाचा. रसायनज्ञाचे कान टवकारावेत असंच हे विधान आहे.

सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाच्या वर्णनाकडे आधुनिक डोळ्यांनी पाहिलं ते जी. व्ही. सत्यवती यांनी, बनारस हिंदू विद्यापीठात. १९६६ साली सादर केलेल्या प्रबंधासाठी त्यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारलं आणि गुग्गुळ दिल्यावर त्यांच्या रक्तातली चरबी किती उतरते हे मोजलं. ती उतरली. म्हणजे बावचीचं टिपण आणि सत्यवतींचा प्रबंध एकाच सालचे. प्रबंधाने गुग्गुळाला आयुर्वेदाच्या वर्गातून औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने, म्हणजे सीडीआरआयने, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जनावरांवर तेच पुन्हा तपासलं.

पुण्यात पाटील, नायक आणि सुखदेव यांनी हातात घेतलेला प्रश्न होता तो असा: हे काम गुग्गुळातलं नेमकं कोण करतं? लेखमालेला त्यांनी नाव दिलं होतं ‘आयुर्वेदिक कच्च्या औषधांचं रसायन’, आणि पहिला मान गुग्गुळाचा. हा चीक म्हणजे डिंक, राळ आणि सुगंधी तेल यांचा गोळा. त्यातून गुग्गुलस्टेरॉनची जोडी निघाली, काही स्टेरॉइड अल्कोहोलं निघाली. सेम्ब्रीन-ए आणि मुकुलॉल ही टर्पीनं पुढच्या वर्षीच्या लेखात आली. पुढे पुणे-लखनौ-वडोदरा अशा साखळीतून गाळणीचा सगळा हिशेब स्पष्ट झाला. इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये चिकाचा साधारण ४५ टक्के भाग विरघळतो आणि सगळा गुण त्यात उतरतो. न विरघळणारा डिंक उंदरांना बाधतो. विरघळलेल्या भागातल्या उदासीन घटकांतून कीटोन असलेली संयुगं वेगळी केली की ती सुमारे १२ टक्के भरतात, आणि चरबी उतरवण्याचा गुण त्यांच्यात असतो. त्या बारा टक्क्यांमधलं मुख्य संयुग गुग्गुलस्टेरॉन.

त्याची रचना कागदावर मांडल्यावर कुठल्याही स्टेरॉइड-रसायनज्ञाच्या मनात प्रोजेस्टेरॉन आलंच असतं. कार्बन एकवीस, चार वलयं एकमेकांत गुंफलेली, पहिल्या वलयात कीटोन आणि शेजारी दुहेरी बंध, अगदी स्त्रीच्या बीजकोशात तयार होणाऱ्या संप्रेरकासारखं. फरक उजवीकडच्या टोकाला: तिथे आणखी एक कीटोन आणि शेपटीला दुहेरी बंध. त्या शेपटीचं तोंड एका बाजूला वळलं की ई, दुसऱ्या बाजूला वळलं की झेड. एका काटेरी झुडपाच्या चिकात माणसाच्या संप्रेरकाचा इतका जवळचा नातलग सापडावा हे १९७२ मध्येही डोळे उघडणारं होतं. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातलं सर्वांत भरीव पान हेच. नंतरच्या अर्धशतकात गुग्गुळाबद्दलचे किती दावे उलटेपालटे झाले, पण पाषाणला काढलेली ही आकृती तशीच राहिली.

१९७४ मध्ये सुखदेव वडोदऱ्याजवळ नंदेसरीच्या माल्टी-केम रिसर्च सेंटरचे संचालक म्हणून गेले. त्यांच्याबरोबर गुग्गुळही गेला. लखनौला औषधाची जुळवाजुळव झाली, गुग्गुलस्टेरॉनचं प्रमाण किमान चार टक्के राहील असा ठराविक ताकदीचा अर्क बनला, त्याचं नाव गुगुलिपिड. १९८० च्या दशकाच्या शेवटी तो बाजारात उतरला. स्वर्ण नित्यानंद आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांपैकी एकीत २०५ रुग्ण होते. त्यांच्यापैकी ज्यांना गुण आला त्या सत्तर-ऐंशी टक्के लोकांत कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी उतरलं. आयुर्वेदातून आलेलं आणि आधुनिक चाळणीतून गाळलेलं औषध म्हणून त्याचा गाजावाजा झाला. तो अभिमान समजण्यासारखाच, पण थोडा घाईचा. ‘कोणाला गुण आला’ हे आधी वेगळं काढून मग सरासरी मांडली तर आकडा नेहमीच मोठा दिसतो.

आता पेशीच्या आतल्या घडामोडींकडे वळू. शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात किरणोत्सारी इस्ट्रोजेन वापरून दाखवलं होतं की हे संप्रेरक गर्भाशयात एका प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि तसंच्या तसं केंद्रकापर्यंत पोहोचतं. १९८० च्या दशकात अशा प्रथिनांची जनुकंच हाती लागली, आणि मग घराणंच्या घराणं उघडलं: केंद्रकातले रिसेप्टर. ही प्रथिनं डीएनएवरच्या ठराविक अक्षरांवर बसतात. त्यांच्या पोटात एक खाच असते. तिथे योग्य आकाराचा छोटा रेणू शिरला की प्रथिनाचं अंग किंचित वळतं, त्याला मदतनीस प्रथिनं येऊन चिकटतात आणि शेजारचं जनुक वाचायला सुरुवात होते. चुकीच्या आकाराचा रेणू बसला तर खाच भरते, पण अंग वळत नाही, आणि जनुक गप्प राहतं. अशी प्रथिनं म्हणजेच ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, आणि छोटा रेणू हा त्यांचा मालक.

यातलाच एक एफएक्सआर. १९९५ मध्ये सापडला तेव्हा त्याचा मालक कोण याबद्दल अंदाज होते; १९९९ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की तो पित्ताम्लांना प्रतिसाद देतो. यकृत कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर करतं. पित्ताम्ल साठलं की ते एफएक्सआरला चिकटतं, एफएक्सआर आणखी एका प्रथिनाला कामाला लावतो आणि रूपांतर करणाऱ्या एन्झाइमचं जनुक बंद पडतं. थोडक्यात, पित्त पुरे झालं, आता थांबा. मग हा ब्रेक सैल केला तर यकृत आणखी कोलेस्टेरॉल खर्च करील, नाही का?

३१ मे २००२ च्या ‘सायन्स’मध्ये डेव्हिड मूर, डेव्हिड मँगल्सडॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. गुग्गुलस्टेरॉन एफएक्सआरच्या खाचेत बसतं आणि त्याला काम करू देत नाही, असा निष्कर्ष. पुरावाही नेटका होता: भरपूर कोलेस्टेरॉल चारलेल्या साध्या उंदरांच्या यकृतातलं कोलेस्टेरॉल गुग्गुलस्टेरॉनने उतरलं, पण ज्या उंदरांमध्ये एफएक्सआरच नव्हता त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. पाषाणच्या रेणूला तीस वर्षांनी पत्ता मिळाला. भारतीय वर्तमानपत्रांनी या बातमीचं आनंदाने स्वागत केलं.

पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाहून बातमी आली. फिलिप सापारी आणि सहकाऱ्यांनी १०३ जणांना आठ आठवडे गुगुलिपिड किंवा नुसती गोळी दिली, दोन वेगवेगळ्या मात्रांत, कोणाला काय दिलंय हे न सांगता. नुसती गोळी घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल पाच टक्क्यांनी उतरलं. गुगुलिपिड घेणाऱ्यांचं चार ते पाच टक्क्यांनी चढलं. काहींच्या अंगावर पुरळ उठलं. आहार अमेरिकी होता, माणसं वेगळी होती, असं समर्थन करता येतं आणि ते केलंही गेलं. पण तो अभ्यास ‘जामा’मध्ये छापला गेला होता आणि त्याची रचना आधीच्या कुठल्याही भारतीय चाचणीपेक्षा कडक होती. उंदराच्या यकृतातली यंत्रणा कितीही सुरेख उलगडली तरी माणसाच्या रक्तातला आकडा तिच्या शब्दाबाहेर वागू शकतो.

त्यानंतर रिसेप्टरवाल्यांनी गुग्गुलस्टेरॉनची पुन्हा उलटतपासणी केली. २००३ मध्येच दिसलं की ते एफएक्सआरचं सरसकट शत्रू नाही. पित्तक्षार पेशीबाहेर ढकलणाऱ्या पंपाचं जनुक त्याच्यामुळे उलट जास्त वाचलं जातं. २००४ मध्ये कळलं की ते पीएक्सआर नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरला जागं करतं आणि औषधं तोडणाऱ्या सीवायपी३ए एन्झाइमच्या जनुकाचं वाचन वाढवतं. रोजच्या आयुष्याशी या शोधाचा थेट संबंध आहे, कारण गुग्गुळाबरोबर घेतलेली दुसरी औषधं त्यामुळे शरीरातून लवकर निघून जाऊ शकतात. २००५ मध्ये थॉमस बरिस यांच्या गटाने तर यादीच मांडली. प्रोजेस्टेरॉनच्या आणि इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरला गुग्गुलस्टेरॉन चालू करतं. पुरुष-संप्रेरकाच्या, कॉर्टिसोलच्या आणि मीठ-पाण्याचा तोल सांभाळणाऱ्या रिसेप्टरला अडवतं. आणि यांतल्या अनेकांना ते एफएक्सआरपेक्षा कित्येक पटींनी घट्ट चिकटतं. एकाच किल्लीने वाड्यातली निम्मी कुलपं उघडावीत असा हा रेणू. प्रोजेस्टेरॉनशी त्याचं साम्य १९७२ च्या आकृतीतच होतं. रिसेप्टरांचं सगळं घराणं समोर आल्यावर त्या साम्याचा हिशेब पूर्ण झाला. ‘कोलेस्टेरॉल उतरवणारा’ हे बिरुद या रेणूला शोभत नाही, आणि एका रिसेप्टरपुरतं बांधलेलं त्याचं वर्णनही अपुरं पडतं.

दरम्यान झुडपाची अवस्था वाईट झाली. चीक जास्त यावा म्हणून खोडावर खोल चिरा घेतात, काही ठिकाणी रसायन भरतात, आणि बहुतेक झुडपं त्यातून उठत नाहीत. गुग्गुळाची ही जात आता जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत अतिधोक्यात असलेल्यांच्या रांगेत आहे. गोळ्यांची मागणी मात्र कमी झालेली नाही.

कपाटात पडलेलं बाकुचिओल याच काळात बाहेर आलं, तेही औषध म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या सायथिऑन कंपनीने ते त्वचेसाठी बाजारात आणलं. २०१४ मध्ये कंपनीशी संबंधित रतन चौधुरी आणि बोयानोव्स्की यांनी त्वचेच्या नमुन्यांवर एक तपासणी छापली: रेटिनॉल लावल्यावर जी जनुकं जागी होतात आणि जी झोपतात, बाकुचिओल लावल्यावर जवळजवळ तसाच नकाशा दिसतो. रेटिनॉल म्हणजे अ जीवनसत्त्वाचा प्रकार. पेशीत त्याचं आम्ल बनतं आणि ते रेटिनॉइक अ‍ॅसिडच्या रिसेप्टरला, म्हणजे पुन्हा त्याच केंद्रकातल्या घराण्याला, चालू करतं. गंमत अशी की बाकुचिओल दिसायला रेटिनॉलसारखं नाही. गुग्गुलस्टेरॉनचं प्रोजेस्टेरॉनशी नातं कागदावर लगेच दिसतं. बाकुचिओलचं नातं फक्त जनुकांच्या वागण्यात दिसतं. कंपनीचा माल, कंपनीचाच अभ्यास, ही गोष्ट वाचताना ध्यानात ठेवावी.

२०१९ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’त ४४ माणसांवरची बारा आठवड्यांची चाचणी आली. निम्म्यांनी अर्धा टक्का बाकुचिओल दिवसातून दोनदा लावलं, निम्म्यांनी अर्धा टक्का रेटिनॉल एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे सारखेच कमी झाले. रेटिनॉलवाल्यांची कातडी जास्त सोलली आणि जास्त चुरचुरली. तेव्हापासून मलमांच्या डब्यांवर ‘बाकुचिओल’ मोठ्या अक्षरांत छापलं जाऊ लागलं. १९६६ च्या टिपणावर सही करणाऱ्या मेहता, नायक आणि सुखदेव यांचं नाव त्या डब्यांवर अर्थातच नसतं.